बीट्स बनवणाऱ्या मुलांसाठी मासिक: फाँटच्या आधी पानाचं काम ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तिघं मित्र, वय अठरा-एकोणीस. घरच्या घरी लॅपटॉपवर बीट्स आणि इलेक्ट्रॉनिक ट्रॅक बनवणाऱ्या, साधारण सोळा ते बावीस वयाच्या मुलामुलींसाठी ३२ पानांचं छापील मासिक काढायचं त्यांनी ठरवलंय. मुखपृष्ठाचे तीन प्रयत्न झाले, पण तिन्ही ‘कुठल्यातरी पार्टीच्या पोस्टरसारखे’ दिसतात. फाँट कोणता घ्यावा, निऑन रंग चालतील का आणि मासिक बाकीच्यांपेक्षा वेगळं कसं दिसेल, असं त्यांनी विचारलंय.

नियतकालिकांची मांडणी हे माझं रोजचं काम आहे आणि त्यात छोट्या संगीत-मासिकांचा वाटा बराच आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

तुमची अडचण फाँटची नाही. तुमचं संगीत कसं ‘दिसतं’ हे तुम्ही शोधताय, आणि त्याचं उत्तर इंटरनेटवर आधीच तयार पडलंय: काळी पार्श्वभूमी, गुलाबी-निळा उजेड, तुटलेली अक्षरं, ग्लिच (बिघडलेल्या पडद्यासारखा परिणाम), एखादी कॅसेट. हे सगळं घेतलं की मासिक त्या संगीताचा पोशाख घालून उभं राहतं. तुमचे वाचक हा पोशाख दिवसातून शंभर वेळा बघतात, त्यामुळे तो त्यांना सगळ्यात आधी ओळखू येतो. पोस्टरसारखं दिसतंय ते याच कारणानं. वाचक अंक हातात घेऊन नेमकं काय करणार, हे अजून ठरलेलं नाही. ते ठरलं की निम्मी मांडणी आपोआप ठरते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगून टाकते. किती प्रती छापणार, पैसे कुठून येणार, दर महिन्याला काम करायला तिघंही मोकळे असणार का, अंक हातोहात देणार की टपालानं, हे मला माहीत नाही. शे-दोनशे प्रती असतील तर डिजिटल छपाई आणि हजाराच्या पुढे असतील तर ऑफसेट (प्लेट बनवून केलेली छपाई), असं साधारण गणित असतं. मधल्या आकड्यांना दोन्हीकडून दर मागवावे लागतात. आणि खरं सांगायचं तर पहिलं वर्ष मासिक नको, त्रैमासिक ठेवा. ३२ पानं दर महिन्याला तिघांनी भरणं म्हणजे चौथ्या अंकाला भांडण.

आता मुद्द्याकडे. संगीताच्या मासिकांचा इतिहास बघितला तर जी लक्षात राहिली त्यांचं रूप कुठून आलं हे स्पष्ट दिसतं. १९७६ मध्ये लंडनमध्ये मार्क पेरीनं ‘स्निफिन ग्लू’ हे पंक संगीताचं फॅनझिन, म्हणजे चाहत्यानं स्वतः काढलेलं छोटं मासिक, सुरू केलं. मजकूर टंकलेखन यंत्रावर, मथळे जाड मार्करनं हातानं लिहिलेले, छपाई झेरॉक्सवर. आज त्याला ‘पंक डिझाइन’ म्हणतात. पेरीकडे तेव्हा तेवढंच सामान होतं, शैलीचा प्रश्नच नव्हता. पुढच्याच वर्षी, १९७७ च्या सुरुवातीला, ‘साइडबर्न्स’ नावाच्या ब्रिटिश फॅनझिनमध्ये एक चित्र आलं: गिटारच्या तीन कॉर्डच्या हातानं काढलेल्या आकृत्या आणि शेवटी ‘आता बँड काढा’ अशा अर्थाची एक ओळ. अनेक जण ते चित्र चुकून ‘स्निफिन ग्लू’च्या नावावर टाकतात. मांडणीच्या दृष्टीनं मला ते पान अजूनही फार मोठं वाटतं. त्यात सजावट शून्य आहे. वाचकानं पान बघायचं, गिटार उचलायची आणि वाजवायचं, एवढंच त्याचं काम.

दुसऱ्या बाजूला ‘द फेस’ हे ब्रिटिश मासिक. १९८० मध्ये निक लोगननं सुरू केलेल्या या मासिकासाठी डिझायनर नेव्हिल ब्रॉडीनं १९८१ ते १९८६ या काळात स्वतः अक्षरं घडवली, मथळ्यांचे आकार मोडले, चिन्हं वापरली. ते इतकं गाजलं की दुकानांच्या जाहिरातींत त्याच्या नकला दिसू लागल्या. मग १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘अरेना’ मासिकासाठी ब्रॉडी हेल्वेटिका या साध्या फाँटकडे वळला. ज्याचं रूप चोरलं जात होतं, तोच त्यातून बाहेर पडला. आज तुम्ही ‘द फेस’सारखं काही केलंत तर ती चाळीस वर्षं जुन्या नकलेची नक्कल होईल.

आणि ‘रे गन’ या अमेरिकन संगीत-मासिकाबद्दल कुणीतरी तुम्हाला सांगेलच, तेव्हा मीच सांगते. त्याचा डिझायनर डेव्हिड कार्सननं १९९४ मध्ये गायक ब्रायन फेरीची मुलाखत कंटाळवाणी वाटली म्हणून अख्खी झाफ डिंगबॅट्समध्ये, म्हणजे नुसत्या चिन्हांच्या फाँटमध्ये, लावली. गोष्ट मजेदार आहे आणि डिझाइनच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ती आवडते. पण ज्या मुलाखतीसाठी तुमचा वाचक अंक घेतो ती तुम्ही न वाचण्यासारखी केलीत, तर त्याला दुसरा अंक घ्यायचं कारण उरत नाही. मोठ्या कलाकाराची मुलाखत दहा ठिकाणी सापडते. तुमच्या मासिकातल्या अनोळखी मुलीची मुलाखत फक्त तुमच्याकडे असणार आहे.

तर तुमच्या वाचकाकडे काय आहे? गिटार नसेल कदाचित. लॅपटॉप, हेडफोन, असलाच तर एक छोटा कीबोर्ड किंवा पॅड, आणि ‘फायनल_२’, ‘फायनल_फायनल_३’ अशा नावांच्या फायली. तो ऐकतो आणि ऐकता ऐकता ‘हे कसं केलं असेल’ असा विचार करतो. नुसत्या चाहत्यासाठी काढलेल्या मासिकात आणि तुमच्यात हाच फरक आहे. पुढचं पाऊल टाकण्याआधी अशा चार-पाच जणांना भेटा. ‘तुला काय आवडतं’ असं विचारू नका, त्यावर सगळे बँडची नावं सांगतात. ‘गेल्या महिन्यात काय काय स्क्रीनशॉट काढून ठेवलंस, ते दाखव’ असं विचारा. त्या स्क्रीनशॉटमध्ये तुमच्या मासिकाची पानं असतात: कुणाच्या तरी इक्वलायझरची (आवाजातले जाड-बारीक सूर कमीजास्त करणाऱ्या साधनाची) सेटिंग, एखाद्या प्लगिनचं (सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमचं) नाव, ड्रमचा पॅटर्न, कॉर्डची यादी. पडद्यावर हे दोन दिवसांत खाली सरकतं आणि हरवतं. कागदावर ते टेबलावर उघडं राहतं. छापील अंकाचा खरा फायदा तिथे आहे.

एक पान उदाहरण म्हणून पूर्ण उलगडून दाखवते, कारण बाकी सगळं त्यावरून कळेल.

बहुतेक ड्रम मशीन आणि सॉफ्टवेअर चार मात्रांच्या एका बारचे सोळा भाग करतात. रोलंडचं टीआर-८०८ हे १९८० साली आलेलं यंत्र घ्या, त्यावर सोळा बटणांची ओळच आहे. म्हणजे कुठलाही साधा पॅटर्न तुम्ही सोळा चौकटींत छापू शकता. किक (जड ढोलासारखा ठोका) १, ५, ९, १३ या चौकटींत. क्लॅप (टाळी) ५ आणि १३ मध्ये. ओपन हाय-हॅट (झांजेचा लांबणारा आवाज) ३, ७, ११, १५ मध्ये. वेग मिनिटाला १२० ते १२८ बीट्स. झाला हाउस या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा सगळ्यात ओळखीचा पाया. हे वाचून मुलगा दोन मिनिटांत तो वाजवून बघू शकतो.

आता मांडणी. पान १७० बाय २४० मिलिमीटर धरा. बाहेर १५ आणि आत १८ मिलिमीटर समास सोडला तर १३७ मिलिमीटर रुंदी उरते. सात मिलिमीटरच्या सोळा चौकटी म्हणजे ११२. दर चार चौकटींनंतर तीन मिलिमीटरची फट, म्हणजे अशा तीन फटींचे ९. एकूण १२१. उरलेल्या सोळा मिलिमीटरांत डावीकडे वाद्याचं नाव बसतं. ती फट महत्त्वाची आहे. ती नसेल तर डोळा अकरावी चौकट शोधताना चुकतो, आणि चुकलेला पॅटर्न वाजवून बघणारा मुलगा तुमच्यावर विश्वास ठेवणं सोडतो. जोरात वाजणारा ठोका पूर्ण भरलेला, हलका ठोका निम्म्या छटेचा. स्विंग, म्हणजे मधले ठोके किंचित उशिरा वाजवणं, चौकटीत दाखवता येत नाही, म्हणून तो बाजूला टक्क्यांत लिहा: ५० म्हणजे एकदम सरळ, ६६ च्या आसपास म्हणजे तिहेरी लयीचा झोका. यात सजावट म्हणून काहीच घातलेलं नाही, तरी हे पान दुसऱ्या कुठल्या मासिकाचं वाटणार नाही.

हाच सोळा चौकटींचा आकार उचलून मुखपृष्ठाच्या मागे वॉलपेपरसारखा पसरवला, तर तो पुन्हा पोशाख झाला. फरक एवढाच बघायचा: त्यातून काही वाजवता येतंय का?

मुलाखतींचंही असंच आहे. घरी बसून संगीत करणाऱ्यांच्या मुलाखती सगळ्या सारख्या होतात, कारण प्रश्न सारखे असतात. सुरुवात कशी झाली, प्रेरणा कुणाची, पुढे काय. त्याऐवजी एक ट्रॅक घ्या आणि तो जोडपानाच्या तळाशी डावीकडून उजवीकडे एका पट्टीसारखा मांडा, ०:०० पासून शेवटापर्यंत. वर त्या त्या सेकंदाला बाण: ०:४२ ला बास का थांबला, १:१५ ला ऐकू येणारा खडखडाट कुठे रेकॉर्ड केला, २:३० ला काय काढून टाकलं. लेखकाला प्रश्न आपोआप नेमके विचारावे लागतात. मांडणी मजकुराला सुधारते ती अशी. मी संपादकांशी भांडते ते बहुतेक याच गोष्टीवरून. मजकूर आधी लिहून मग डिझायनरकडे ‘सुंदर कर’ म्हणून पाठवू नका, पानाची चौकट आधी ठरवा आणि लिहिणाऱ्याला ती द्या.

यावरून तुमची सदरं ठरतील. प्रत्येक अंकात येणारी चार-पाच पुरे. पॅटर्नचं पान, उलगडलेला ट्रॅक, वाचकाचं टेबल, एखाद्या सॅम्पलची, म्हणजे दुसऱ्या रेकॉर्डिंगमधून उचललेल्या तुकड्याची, गोष्ट (ते कुठून घेतलं, परवानगी मिळाली का, नसेल तर काय केलं, या वयाच्या मुलांना हे कुणीच सांगत नाही), आणि परीक्षणं. परीक्षणांना तारे देऊ नका. सतरा वर्षांच्या मुलाच्या पहिल्या ट्रॅकला अडीच तारे देऊन कुणाचं भलं होणार आहे? लांबी, वेग, स्केल आणि चार ओळी पुरतात.

ऐकवायचं कसं, हा छापील संगीत-मासिकाचा जुनाच प्रश्न. ‘एनएमई’ या ब्रिटिश संगीत-साप्ताहिकानं १९८१ मध्ये ‘सी-८१’ नावाची कॅसेट वाचकांसाठी काढली होती. तुमच्याकडे क्यूआर कोड आहे, पण तो सांभाळून वापरा. पानभर कोड पेरले की अंक हिशेबाच्या कागदासारखा दिसतो. एका अंकाला एकच कोड ठेवा, तो त्या अंकाच्या सगळ्या ट्रॅकच्या यादीवर नेईल. आकार किमान दोन सेंटिमीटर, भोवती चारही बाजूंना कोडच्या चार ठिपक्यांइतकी रिकामी जागा, आणि गडद कोड फिक्या पार्श्वभूमीवर. उलटा, म्हणजे काळ्यावर पांढरा, काही फोनना वाचता येत नाही. कोडमध्ये थेट स्ट्रीमिंगचा दुवा कधीही घालू नका. स्वतःच्या पत्त्यावरचा दुवा घाला आणि तिथून पुढे वळवा. ट्रॅक हलला किंवा काढला तरी छापलेला अंक मुका होत नाही.

आता छायाचित्रं. लॅपटॉपसमोर बसलेला माणूस हे जगातलं सगळ्यात कंटाळवाणं छायाचित्र आहे आणि तुमच्या अंकात तशी दहा येणार आहेत. वाचकाच्या टेबलाचा फोटो सरळ वरून, दर वेळी त्याच उंचीवरून काढा. एकसारखेपणामुळे टेबलांतले फरक दिसायला लागतात: कुणाकडे फुटलेले हेडफोन, कुणाकडे स्पीकरखाली पुस्तकं. चेहरा हवाच असेल तर पडद्यापासून दूर, खिडकीच्या उजेडात. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची लेखी परवानगी घ्या, आणि फोटोत घराचा पत्ता, शाळेचं ओळखपत्र, पडद्यावरचा ईमेल दिसत नाही ना, हे छपाईआधी मोठं करून बघा.

स्क्रीनशॉटबद्दल सविस्तर सांगावं लागेल, कारण तुमचं अर्धं मासिक त्यांचंच असणार. १९२० पिक्सेल रुंदीचा पडदा ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साधारण १६ सेंटिमीटर रुंद छापता येतो. म्हणजे जेमतेम एक पान, जोडपान नाही. आणि संगीताची बहुतेक सॉफ्टवेअर काळ्या-करड्या रंगाची असतात. चकाकी नसलेल्या कागदावर शाई पसरते, करड्याच्या चार छटा मिळून एक चिखल होतो आणि त्यात बारीक अक्षरं बुडून जातात. उपाय दोन. सॉफ्टवेअरमध्ये उजळ थीम असेल तर ती लावून मगच स्क्रीनशॉट घ्या, आणि घेण्याआधी ते दृश्य शक्य तेवढं मोठं करा. किंवा, आणि मला हाच जास्त आवडतो, जे दाखवायचंय तेवढंच रेषांनी नव्याने काढा. इक्वलायझरची वक्ररेषा आणि तीन आकडे. बाकीच्या बटणांची वाचकाला गरज नसते.

मुखपृष्ठाकडे आता येते, कारण ते शेवटी करायचं असतं. पोस्टर एका संध्याकाळसाठी असतं, त्यामुळे सगळी ताकद तिथेच खर्च करतं. मासिकाच्या मुखपृष्ठाला पुढच्या वेळी पुन्हा यायचं असतं. बघणाऱ्याला ‘हे चालू असलेलं काहीतरी आहे’ असं वाटायला हवं. ते तीन गोष्टींनी होतं: नाव दर वेळी त्याच जागी, अंक क्रमांक ठळक, आणि चित्राची एक ठरलेली चौकट. तुमच्या वर्णनावरून तुमचं नाव चित्रात मिसळून गेलंय, ग्लिचमध्ये तुटलंय, आणि अंक क्रमांक बहुधा नाहीच. नाव साधं, जाड, वाचता येणारं करा. अंकाचा आकडा मोठा करा, हवं तर नावाएवढा. चित्रासाठी एक नियम ठरवा. उदाहरणार्थ, आतल्या उलगडलेल्या ट्रॅकची ध्वनिलहर, दर अंकाला वेगळी, पण त्याच जागी आणि त्याच मापात. किंवा वाचकाचं टेबल. नियम कंटाळवाणा वाटला तरी पहिले तीन अंक मोडू नका.

‘आतल्या पानांवर’ छापाच्या दहा ओळी मुखपृष्ठावर लागत नाहीत. त्या स्टॉलवर शेजारच्या मासिकाशी झगडणाऱ्यांसाठी असतात. तुमचा अंक हातोहात जाणार किंवा फोनवर अंगठ्याच्या नखाएवढा दिसणार. म्हणून मुखपृष्ठ दोन सेंटिमीटर रुंदीचं करून फोनवर बघा. नाव वाचता येतंय? आकडा दिसतोय? एवढं झालं तर पुरे.

फाँट. मासिक कोणत्या लिपीत आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण प्रश्न मराठीत आहे म्हणून देवनागरी धरते. मजकुराला एक आणि मथळ्यांना जास्तीत जास्त एक, एवढेच फाँट. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ मोफत आहे, सात वजनांत (बारीक ते जाड) मिळतो आणि त्यात लॅटिन अक्षरंही जुळणारी आहेत. प्लगिनची आणि यंत्रांची नावं मूळ लिपीत लिहायची असतील तर हे फार उपयोगी पडतं. त्यांचाच ‘बालू’ मथळ्यांना चालतो, पण तो गोलसर आणि खेळकर आहे, तुमच्या नावाला शोभतो का ते बघा. फाँट कुठलाही घ्या, त्यात मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आहेत का हे तपासा. अनेक फाँटांत हिंदी वळण आधी येतं आणि मराठी वळण भाषा ‘मराठी’ निवडल्यावरच मिळतं.

मजकूर १० ते १०.५ पॉइंट आणि ओळींमधलं अंतर १५ ते १६. इंग्रजी मासिकं बघून ९ पॉइंटच्या अक्षरांना १२ चं अंतर लावलंत तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. मराठी शब्द लांब असतात, म्हणून अरुंद स्तंभात मजकूर दोन्ही बाजूंनी जुळवू नका, शब्दांमध्ये खड्डे पडतात. डावीकडे सरळ आणि उजवीकडे मोकळा ठेवा. सहा स्तंभांची ग्रिड, म्हणजे पानाची अदृश्य आखणी, घ्या. दोन-दोन जोडले की मजकुराचे तीन स्तंभ, तीन-तीन जोडले की दोन. पॅटर्नचं पान ग्रिड मोडेल, मोडू द्या, तेच तर ते पान वेगळं करतं.

निऑन रंगाबद्दल. पडद्यावरचा निऑन चार रंगांच्या छपाईत येत नाही. पडद्यावरची झगमगती गुलाबी कागदावर थकलेली गुलाबी होते. खरा निऑन हवा असेल तर वेगळी शाई लागते, उदाहरणार्थ पँटोन या रंगपद्धतीतल्या ८०१ ते ८०७ या क्रमांकांच्या शाया (८०६ गुलाबी), किंवा रिसोग्राफ या एकेक रंग छापणाऱ्या यंत्राची फ्लोरोसंट गुलाबी. माझा सल्ला: आतली पानं काळा अधिक एक निऑन अशा दोनच रंगांत करा. निऑन फक्त एका कामासाठी राखून ठेवा, म्हणजे जिथे वाचकानं काहीतरी करायचंय तिथे. पॅटर्नच्या भरलेल्या चौकटी, ट्रॅकच्या पट्टीवरचे बाण, क्यूआर कोडशेजारची खूण (कोड मात्र काळाच). चार-पाच पानांनंतर वाचकाला न सांगता कळतं की हा रंग दिसला की हात चालवायचा. मथळ्यांना निऑन देऊ नका, नाहीतर सगळं पुन्हा पोस्टरकडे जातं. त्या रंगातली बारीक अक्षरं तर मुळीच नकोत, ती वाचता येत नाहीत. मजकुराचा काळा हा फक्त काळ्या शाईचा शंभर टक्के ठेवा. चारही रंग मिसळलेला काळा मोठ्या भागांसाठी ठीक, पण अक्षरांना लावला आणि छपाईत रंग केसभर जरी सरकले तरी कडा धूसर होतात.

बांधणीसाठी मधोमध पिना मारणं सोपं आणि स्वस्त पडतं. त्यासाठी पानसंख्या चारच्या पटीत लागते, तुमची ३२ पानं बरोबर आहेत. आठ मोठे कागद एकात एक घालून दुमडले जातात. यातून दोन गोष्टी निघतात. एक, १६-१७ हे मधलं जोडपान खऱ्या अर्थानं एकाच कागदावर असतं, म्हणून उलगडलेला ट्रॅक तिथे ठेवा. बाकी जोडपानांवर मधून जाणारी रेषा थोडी सरकते. दोन, दुमडल्यावर आतली पानं किंचित बाहेर येतात आणि कापताना त्यांची कड जास्त जाते, म्हणून पान क्रमांक कडेला चिकटवू नका, दहा मिलिमीटर आत ठेवा. कडेपर्यंत जाणाऱ्या चित्रांना तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापल्या जाणाऱ्या कडेबाहेर वाढवलेलं चित्र. कागद आत ९० ते १०० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम), चकाकी नसलेला. त्यावर पेन्सिलीनं लिहिता येतं, आणि तुमच्या वाचकानं चौकटींवर स्वतःचा पॅटर्न लिहावा हीच तर इच्छा आहे. पॅटर्नच्या पानावर एक रिकामी जाळी छापाच.

सॉफ्टवेअर तुमच्याकडे जे असेल ते. स्क्राइबस मोफत आहे आणि त्याच्या नव्या आवृत्त्यांत देवनागरी जमते. इनडिझाइन असेल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. ‘क्ष’, ‘र्‍या’, ‘द्ध’ असलेली एक ओळ टाइप करून पीडीएफ काढून बघा, मगच बाकीचं काम सुरू करा.

पुढचं पाऊल असं घ्या. आठ पानांची डमी करा: मुखपृष्ठ, पॅटर्नचं पान, उलगडलेल्या ट्रॅकचं जोडपान, एक टेबल, दोन पानं परीक्षणं, मागचं पान. साध्या प्रिंटरवर खऱ्या मापात छापा, स्टेपलर मारा आणि ओळखीच्या नसलेल्या दोन-तीन वाचकांच्या हातात द्या. काही समजावून सांगू नका. पॅटर्न वाजवून बघण्याआधी त्यांना काही विचारावं लागलं तर त्या पानात दोष आहे, ते पुन्हा करा. ‘छान आहे’ या शब्दाला किंमत देऊ नका.

मुखपृष्ठाचे नवे प्रयत्न दाखवायचे असतील तर अंक १, २ आणि ३ ची मुखपृष्ठं शेजारी शेजारी ठेवून दाखवा. एकट्या पहिल्या मुखपृष्ठावर मला मत देता येणार नाही.